850 रुपयाचे चिंचोके: भागाकाराच्या लाकडी पाटीचा रिव्ह्यू

घरी तिसरी-चौथीतलं पोरगं असेल आणि भागाकारावरून रोज संध्याकाळी रडारड होत असेल तर वाचा, नाहीतर सरळ पुढे जा, कारण हे लांबणार आहे. एप्रिलमध्ये मी नागपूरच्या सीताबर्डीच्या एका दुकानातून भागाकाराची लाकडी पाटी घेतली, 850 रुपयाला, आणि आमचा सगळा उन्हाळा त्या पाटीवर गेला. दुकानाचं नाव टाकत नाही, कंपनीचंही टाकत नाही, अशा पाट्या बरेच जण बनवतात आणि सगळ्या दिसायला सारख्याच असतात, मला कोणाशी भांडायचं नाही, फक्त मला जे आधी कोणी सांगितलं नाही ते सांगायचंय.

तर झालं असं की आमची चिऊ चौथीत होती आणि फेब्रुवारीच्या चाचणीत तिनं 408 भागिले 4 याचं उत्तर लिहिलं 12. आता पोट्टीचे 15 पर्यंत पाढे पाठ आहेत बरं का, झोपेत विचारा, चार त्रिक बारा, चार चोक सोळा, गाडी थांबत नाही. मी म्हटलं घाई केली असेल. पण घरी बसवून परत तेच दिलं तर परत 12. मग मी विचारलं, "चिऊ, तुम्ही चार मैत्रिणींनी 408 रुपये वाटून घेतले तर एकीला बाराच रुपये येतील का गं?" तर ती माझ्याकडं असं बघते जसं मला काही समजतच नाही आणि म्हणते, "आई, हे वाटायचं गणित नाही, हे भागाकाराचं आहे."

त्या रात्री मला झोप नाही आली. म्हणजे दोन वर्षं ही पोट्टी भागाकार करून राहिली होती आणि भागाकार म्हणजे वाटणी हेच तिला माहीत नव्हतं. तिच्यासाठी तो एक विधी होता, हा आकडा बाहेर ठेवायचा, तो आत ठेवायचा, वर लिहायचं, खाली वजा करायचं, मग पुढचा उतरवायचा. पालकसभेत बाईंना विचारलं तर म्हणाल्या पाढे पक्के करून घ्या. अहो, पाढेच तर पक्के आहेत!

(पाढ्यावरून आठवलं, आपल्या नागपुरात पोरं "बे एके बे" शाळेत जाऊन शिकतात पण "काय बे" वालं "बे" त्याच्या आधीच शिकलेली असतात, घराच्या अंगणात क्रिकेट खेळताना. चिऊला पहिलीत खरंच वाटायचं की बाई पाढा म्हणताना रागावून राहिल्या.)

आता कोणी म्हणेल एका गणितावरून एवढं काय. पण हे फक्त आमच्याच घरचं नाही. दर काही वर्षांनी तो असर नावाचा सर्व्हे येतो ना, प्रथम संस्थेचा, खेड्यापाड्यात घरोघरी जाऊन मुलांना वाचायला आणि गणित करायला लावतात, त्यात भागाकाराचं गणित असतं तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागायचं, म्हणजे थेट आमचं 408 भागिले 4 सारखं. 2024 च्या त्या सर्व्हेत देशभरातल्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी साधारण 30 टक्के मुलांनाच ते जमलं. म्हणजे दहातली सात पोरं चिऊसारखी. हे वाचून मला बरं वाटलं की वाईट, ते अजूनही ठरलं नाही.

आधी आम्ही ॲप घेऊन पाहिलं, सात दिवस फुकटवालं. त्यावर जास्त बोलत नाही. चार पर्याय येतात, चिऊ अंदाजानं दाबते, बरोबर आलं की चांदण्या उडतात, तिला चांदण्या आवडल्या. सातव्या दिवशी काढून टाकलं.

मग माझ्या एका मैत्रिणीनं, तिची मुलगी माँटेसरी शाळेत जाते, या पाटीचं सांगितलं. ही माँटेसरीवाल्यांची जुनी वस्तू आहे. मारिया माँटेसरी म्हणजे त्या इटलीच्या डॉक्टर, ज्यांनी 1907 मध्ये रोममध्ये पहिलं बालघर सुरू केलं आणि नंतर 1939 ला आपल्याकडं मद्रासला आल्या आणि युद्धामुळं बरीच वर्षं भारतातच राहिल्या. त्यांचं म्हणणं असं की पोराच्या हाताला आधी कळलं पाहिजे, मग डोक्याला. ऐकायला छान वाटलं. मी हिंगण्याला अकाउंट्समध्ये नोकरी करते, मेट्रोनं येते-जाते, सीताबर्डी वाटेतच लागते, म्हटलं उतरून घेऊनच येऊ.

पाटी कशी असते ते सांगते. साधारण वीतभर लांब-रुंद लाकडी फळी, तिच्यावर नऊ ओळी आणि प्रत्येक ओळीत नऊ छोटे खड्डे, म्हणजे 81 खड्डे. वरच्या कडेला नऊ मोठे खड्डे, त्यात उभ्या करायच्या नऊ हिरव्या लाकडी बाहुल्या, बाहुल्या म्हणजे बुद्धिबळातल्या प्याद्यासारख्या. डाव्या कडेला वरून खाली 1 ते 9 आकडे. आणि सोबत 81 हिरवे मणी आणि एक वाटी. बस. बॅटरी नाही, आवाज नाही, चांदण्या नाहीत.

घरी आणून मोजले तर मणी 78.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर परत दुकानात गेले. मालक चांगला माणूस आहे पण त्याचं म्हणणं, "म्याडम, तीन मण्यानं काय फरक पडते?" मी म्हटलं, "भाऊ, 81 भागिले 9 करायचं तर फरक पडते ना, 78 मध्ये प्रत्येकाला आठच येतात आणि सहा उरतात." त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा गल्ल्याकडं पाहिलं, मग आतून एक पुडी आणली आणि तीन मणी दिले. लाल. हिरवे नव्हते त्याच्याकडं. आता आमच्या वाटीत 78 हिरवे आणि 3 लाल. बदलून द्या म्हटलं तर "खोललेला माल वापस नाई होत." बिलावर तसं लिहिलेलं होतं म्हणा, पण मोजल्याशिवाय कसं कळणार आणि खोलल्याशिवाय कसं मोजणार, हे गणित त्यालाच सोडवू दे.

घरी सासूबाईंनी डबा उघडून पाहिला. त्या शांतपणे म्हणाल्या, "850 रुपयाचे चिंचोके आणले काय वं?" त्यांच्या माहेरी काटोलकडं लहानपणी हेच सगळं चिंचोक्यावर झालेलं, बेरीज-वजाबाकी पण आणि अष्टचंगचा खेळ पण. मी काहीच बोलले नाही. हे वाक्य पुढं मला खूप महागात पडणार होतं.

आता चांगलं काय ते आधी.

पहिल्या दिवशी मी चिऊला वाटीत 24 मणी मोजायला लावले आणि वर सहा बाहुल्या उभ्या करायला सांगितल्या. मग म्हटलं, यांना वाट, एकेक करत, सगळ्यांना सारखे. तिनं पहिल्या ओळीत सहा टाकले, दुसऱ्या ओळीत सहा, असं करत चौथी ओळ भरली आणि वाटी रिकामी. डाव्या बाजूला पाहिलं तर आकडा 4. मी विचारलं एका बाहुलीला किती आले? "चार." मग हेच वहीत लिही. तिनं लिहिलं 24 भागिले 6 बरोबर 4 आणि मग पेन्सिल तशीच धरून बसली. "आई, म्हणजे भागाकारात पण वाटतात?" मी म्हटलं भागाकारात फक्त वाटतातच बाई, दुसरं काही करतच नाहीत. (हे मी थोडं चुकीचं बोलले, पुढं सांगते.)

ह्या एका वाक्यासाठी मला 850 वसूल झाले असं त्या दिवशी वाटलं होतं.

दुसरी मस्त गोष्ट बाकीची. चिऊला बाकी म्हणजे काय ते माहीतच नव्हतं. तिला बाकी एकच माहीत, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याची, "बाकी लिहून ठेवा काका" वाली. म्हणून ती विचारायची बाकी 2 आली तर हे दोन कोणाला द्यायचे? पाटीवर 17 मणी आणि पाच बाहुल्या घेतल्या. तीन ओळी भरल्या, वाटीत दोन उरले. आता पाच जणांची ओळ दोन मण्यांत भरत नाही, म्हणून ते वाटीतच राहतात. तिला दिसलं. आणि मी काही न सांगता तिनंच शोधून काढलं की वाटीत पाच किंवा जास्त उरले तर आपण आळशीपणा करून राहिलो, कारण अजून एक ओळ भरता येते. म्हणजे बाकी नेहमी भाजकापेक्षा लहान, हा जो नियम वहीत चौकटीत लिहून पाठ करायला देतात तो तिला कोणी सांगायची गरजच पडली नाही.

तिसरं म्हणजे शून्य. हा किस्सा माझ्या नवऱ्याच्या नावावर. त्यानं चिऊला मजेत विचारलं, 8 भागिले 0 किती? चिऊनं आठ मणी वाटीत घेतले, वरच्या सगळ्या बाहुल्या काढून टाकल्या आणि मग वाटी हातात धरून बसली. "पप्पा, देऊ कोणाले?" नवरा इंजिनिअर आहे, त्यानं इतकी वर्षं शिक्षण घेऊन हे इतकं सरळ ऐकलं नव्हतं. मग उलटं केलं, 0 भागिले 8, आठ बाहुल्या रांगेत उभ्या आणि वाटी रिकामी. "सगळ्यांना शून्य मिळालं, बिचाऱ्या." दोन्ही गणितांतला फरक समजला, ते पण हसत हसत. यासाठी पाटीला पैकीच्या पैकी.

आता तक्रारी, आणि त्या कमी नाहीत.

मण्यांचा रंग जातो. आपला मे महिना काय असतो ते नागपूरकरांना सांगायची गरज नाही, 45 डिग्रीत हाताला घाम, आणि घामाला हिरवा रंग. चिऊच्या बोटांवर, वहीवर, सासूबाईंच्या पांढऱ्या गादीच्या चादरीवर. खड्डे उथळ आहेत, कोणी पाटीला जरा धक्का दिला की मणी उड्या मारतात आणि सरळ कूलरखाली. कूलरखाली हात घालायचा म्हणजे पाण्यात हात, आणि तिथं काय काय निघतं ते सोडूनच द्या. बाहुल्यांतली एक पहिल्याच आठवड्यात मानेतून तुटली, फेविकॉलनं चिकटवली, ती आता जरा तिरकी बघते, चिऊ म्हणते ती उपाशी आहे, तिला बाकी द्यावी.

सोबतचं मराठी पुस्तक वाचून तर मी रडायचीच बाकी होते. कोणीतरी मशीनमध्ये टाकून भाषांतर काढलेलं. "विभाजन संच आपल्या मुलास सक्षम बनवते." विभाजन? आमच्या पुस्तकात भागाकार असतो हो. भाज्य, भाजक, भागाकार, बाकी, हे चार शब्द सगळ्या शाळांत आहेत, ते चार शब्द त्या आख्ख्या पुस्तकात एकदाही नाहीत. 850 मध्ये एखाद्या मराठी शाळेतल्या बाईंना दाखवून घेतलं असतं तर काय झालं असतं.

पण खरी अडचण वेगळीच, आणि ती कंपनीची चूक नाही, पाटीचीच मर्यादा आहे.

एक, पाटीत जास्तीत जास्त 81 मणी. नऊ जणांना नऊ. त्याच्या पुढं नाही. म्हणजे पाढ्यातला भागाकार सगळा होतो पण ज्याच्यावरून घरात रडारड चालली होती, तो 408 भागिले 4, त्यासाठी ही पाटी काहीच कामाची नाही. 408 मणी आणले तरी कोण वाटत बसेल, आणि वाटून झालं तरी वहीतली ती पायऱ्यापायऱ्यांची रीत समजत नाहीच. माँटेसरी शाळांत मोठ्या भागाकाराला वेगळं साहित्य असतं म्हणे, रंगीत मणी आणि काचेच्या नळ्यांची एक मोठी पेटी, पण त्याची किंमत विचारून मी फोन ठेवून दिला.

दोन, आणि हे मला नंतर एका बाईंनी समजावलं, पाटीवर भागाकाराचा एकच अर्थ नीट दिसतो. वाटणीचा. पण भागाकार दोन प्रश्नांना उत्तर देतो. 20 संत्री आहेत, चार जणांना वाटली, एकाला किती? पाच. हे झालं वाटणं. आता 20 संत्री आहेत, एका पिशवीत चार भरायची, पिशव्या किती लागतील? उत्तर तेच पाच, गणित तेच 20 भागिले 4, पण प्रश्न वेगळा. पहिल्यात माणसं किती ते माहीत आहे, दुसऱ्यात एका ढिगात किती ते माहीत आहे आणि ढीग किती होतील ते शोधायचं आहे. शाब्दिक उदाहरणात पोरं अडतात ती इथं. चिऊ तर पाटीवर इतकी रमली होती की पिशव्यांच्या गणितात ती विचारायची, "बाहुल्या किती घेऊ?" आणि तेच तर शोधायचं होतं!

म्हणून मी वर म्हटलं की मी चुकीचं बोलले. भागाकारात फक्त वाटत नाहीत, ढीग पण करतात.

यासाठी आम्हाला पाटी नाही, संत्र्याचा ठेला कामी आला. आता उन्हाळ्यात संत्री कुठून म्हणाल, तर मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, हे सगळं सुरू झालं तेव्हा थोडी मिळत होती आणि नंतर मग आंबे, लिंबं, जे मिळेल ते. सासूबाई चिऊला घेऊन बसायच्या, 50 लिंबं आहेत, डझनाचे ढीग कर. चार ढीग झाले, दोन उरले. हे दोन कोणाचे? "सरबताचे." बरोबर उत्तर. मग शाळेचं उदाहरण, 26 पोरं आहेत, एका ऑटोत आठ बसतात, ऑटो किती? वहीतलं उत्तर भागाकार 3, बाकी 2. पण त्या दोघांनी पायी जायचं का? म्हणून ऑटो चार. चिऊ म्हणते आपल्या ऑटोवाले काका तीनमध्येच 26 बसवतात. आता यावर काय बोलणार, ते पण बरोबरच आहे.

सासूबाईंचा एक शब्द मला फार आवडला. त्या विचारायच्या, "एवढ्यात भागते का?" भागते म्हणजे पुरते. पाच जणांत तीन भजी भागत नाहीत, दहा भागतात. आपण गणितात म्हणतो ना चाराचा भाग जात नाही, ते पोराला काही म्हणजे काहीच समजत नाही, पण भागत नाही म्हटलं की चटकन कळतं. शब्द आपल्याच घरात होता.

आता मुख्य गोष्ट, ज्याच्यासाठी हा सगळा रिव्ह्यू लिहितेय.

तीन लाल मणी घ्यायला मी दुकानात परत गेले होते ना, तेव्हा गल्ल्याशेजारी खेळण्यातल्या नोटांचं पाकीट लटकत होतं, 60 रुपये. चिऊसाठी म्हणून उचललं, दुकान-दुकान खेळायला. त्यात 2000 च्या गुलाबी नोटा अजून आहेत, रिझर्व्ह बँकेनं 2023 मध्ये परत मागवल्या तरी खेळण्यातल्या कंपनीला कोणी कळवलं नाही. तर पाकीट महिनाभर तसंच पडलं होतं. एक दिवस लाइट गेली, कूलर बंद, कोणाला काही सुचत नव्हतं, सासूबाई, चिऊ आणि मी फरशीवर बसलो होतो, आणि मी ते पाकीट काढलं. 500, 50, 20, 2000 सगळं बाजूला. फक्त 100 च्या, 10 च्या नोटा आणि एक रुपयाची नाणी ठेवली. एकाची प्लास्टिकची नाणी दहाच होती, ती पुरेनात, तर सासूबाई उठल्या आणि त्यांच्या पितळी डब्यातून चिंचोके आणले. एक चिंचोका एक रुपया. काही न बोलता आणले, फक्त माझ्याकडं पाहिलं.

मी म्हटलं चिऊ, 72 रुपये आहेत, तिघींना वाटू. सात नोटा दहाच्या आणि दोन चिंचोके. आधी मोठ्या नोटा वाट. प्रत्येकीला दोन-दोन नोटा, एक नोट उरली. आता? चिऊ म्हणते, "फाडू?" मी म्हटलं बाजारात काय करतो? "सुटे घेतो." बस, सुटे घे. तिनं ती नोट बँकेला दिली, बँक म्हणजे आजी, आणि दहा चिंचोके घेतले. आधीचे दोन, आता बारा झाले. प्रत्येकीला चार. एकीजवळ 24 रुपये.

मग मी वही काढली आणि जे आता केलं तेच लिहून दाखवलं. वर 2, खाली 6 वजा, उरला 1, आणि "2 खाली उतरव". चिऊ म्हणते थांब. हा 1 म्हणजे ती उरलेली नोट? हो. आणि हा 2 म्हणजे माझे दोन चिंचोके? हो. म्हणून 12. दोन वर्षं ती "खाली उतरव" करत होती आणि तिला वाटायचं ही लिफ्ट आहे. खाली उतरवणं म्हणजे सुटे पैसे एकत्र करणं, हे मलाही कोणी चौथीत सांगितलं नव्हतं खरं तर, मी पण लिफ्टमध्येच होते, फक्त माझी लिफ्ट बरोबर मजल्यावर थांबायची.

मग मीच 408 काढलं. चार नोटा शंभराच्या, दहाची एकही नाही, आठ चिंचोके. चौघींना शंभर-शंभर. दहाच्या नोटा? "नाहीच आहेत." मग प्रत्येकीला दहाच्या किती? "शून्य." तर वहीत त्या जागी काय लिहायचं? तिनं 0 लिहिला. मग चिंचोके दोन-दोन. 102. आणि मग तिनं फेब्रुवारीची उत्तरपत्रिका शोधून आणली, 12 कडं बघितलं आणि म्हणाली, "आई, माझे नव्वद रुपये कोणी खाल्ले?" आता 102 मधून 12 गेले तर खरंच 90. वजाबाकी पण बरोबर.

त्याच्या पुढच्या आठवड्यात जरा वाकडं दिलं, 535 भागिले 5. शंभराच्या पाच नोटा, प्रत्येकाला एक. दहाच्या तीन, पाच जणांत तीन भागत नाहीत, म्हणून शून्य लिही आणि तिन्हीचे सुटे घे. 30 आणि 5, 35 चिंचोके, प्रत्येकाला सात. 107. इथं पोरं हमखास 17 लिहितात, कारण "नोट आहे पण पुरत नाही" वालं शून्य हे "नोटच नाही" वाल्या शून्यापेक्षा अवघड आहे. तिनं पहिल्यांदा 17 च लिहिलं, मग पैसे परत मोजले, पाच वेळा 17 म्हणजे 85, आणि स्वतःच खोडलं. भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी बरोबर भाज्य, हा ताळा आहे ना पुस्तकात, तो ती आता न सांगता करते, कारण पैसे मोजून घ्यायची सवय आजीनं लावली.

आता हिशोब करून सांगते, मी अकाउंट्सवाली आहे. पाटीला पाचपैकी अडीच. एक गुण बाकीसाठी, एक शून्यासाठी, अर्धा त्या "भागाकारात पण वाटतात?" साठी. कापले ते मण्यांचा रंग, उथळ खड्डे, ते भयंकर पुस्तक आणि किंमत यासाठी. दुसरी-तिसरीतल्या पोरासाठी, जे आत्ता भागाकाराला सुरुवात करून राहिलं, त्याच्यासाठी ही वस्तू वाईट नाही, पण अंड्याचा रिकामा ट्रे आणि लुडोच्या गोट्या घेऊन पण हेच होते, मी करून पाहिलं. पोरगं चौथी-पाचवीत असेल आणि मोठ्या भागाकारात अडकलं असेल तर पाटी घेऊच नका, सरळ नोटांचं पाकीट घ्या. त्याला पाचपैकी साडेचार, अर्धा गुण 2000 च्या नोटेसाठी कापला. आणि एकाची नाणी कमी असतात, घरातले सुटे काढून ठेवा. एक सांगते, तीन-चार दिवसांनी नोटा बाजूला ठेवून वहीवर करायला लावा, मग अडलं तरच नोटा, नाहीतर पोरं परीक्षेत पण चिंचोके मागतील.

दुकानाला सर्व्हिससाठी तीन देते. मणी कमी दिले पण भांडला नाही, आणि ते पाकीट माझ्या नजरेसमोर त्यानंच टांगून ठेवलं होतं. गाडी घेऊन जाऊ नका, संध्याकाळी बर्डीला पार्किंग शोधण्यात एक भागाकार शिकवून होतो, मेट्रोनं जा. आणि कुठूनही घ्या पण मणी दुकानातच मोजून घ्या.

आपल्या विदर्भात शाळा जून संपता संपता उघडतात, तोवर चिऊचं दोन अंकी भाजकापर्यंत आलं आहे, 12 नं भागताना अजून चुकते, ते चालायचंच. पाटी आता माझ्या भावाच्या मुलाला देऊन राहिले, तो दुसरीत गेला. मणी परवा मोजले, 79 आहेत, त्यातले तीन लाल. दोन कूलरखाली असावेत, पाऊस पडला की कूलर हलवू तेव्हा बघू. तिरकी बाहुली चिऊनं ठेवून घेतली. चिंचोक्यांचा डबा सासूबाईंनी परत नेला, आणि जाताना विचारलं, "एकूण किती पडले वं, 910?"